हाकेचं अंतर

शाळेत आमच्याकडून बेटाची व्याख्या पाठ करून घेतली होती. ‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीच्या तुकड्याला बेट म्हणतात.’ व्याख्या सोपी होती. पुढे डोंबिवलीत तळमजल्यावर पंधरा पावसाळे काढल्यावर ती मनोमन पटलीसुद्धा. पण आता या वयात मला तिच्यात एक मोठी उणीव दिसू लागली आहे. पाणी किती असावं हे तिच्यात सांगितलेलं नाही आणि पाण्याच्या पलीकडे कोण बसलेलं आहे याचा तर उल्लेखच नाही. म्हणून मी माझ्यापुरती व्याख्या बदलून घेतली आहे. घरून मारलेली हाक जिथे वेळेवर पोचत नाही, ते बेट. मग त्याच्याभोवती पाणी असो, नाहीतर नुसती धूळ असो.

व्याख्या बदलली की प्रश्नही बदलतो. परीक्षेत ‘पुढील बेटे नकाशात दाखवा’ एवढ्यावर सुटका व्हायची. इथे तसं नाही. माणसाने नोकरीसाठी हाकेच्या अंतराबाहेर जावं का? गेला, तर तो कर्तबगार म्हणायचा की जबाबदारी टाकून पळालेला? आणि नाही गेला, तर तो मातृभक्त म्हणायचा की नुसताच आळशी? वास्तविक हे प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडवायचे. मी कॉमर्सचा पदवीधर. दर महिन्याच्या एक तारखेला चार-दोन पेन्शनर काउंटरशी येऊन, ‘मी इथे कशाला आलो होतो हो?’ असं मला विचारतात. त्यापलीकडे तत्त्वज्ञानाशी माझा संबंध नाही.

पण या प्रश्नाचा आम्हा बँकवाल्यांना सराव मात्र भरपूर आहे. कारकुनाचा अधिकारी झाला की पगार वाढतो, खुर्चीला हात फुटतात आणि पाठोपाठ बदली येते. म्हणून कित्येक हुशार कारकून बढतीच्या परीक्षेच्या दिवशी नेमके आजारी पडतात. आमच्या एका हेडकॅशियरनी तीनदा बढती नाकारली. ‘आईचं बघायला दुसरं कोणी नाही’ हे कारण. पुढे आई गेल्या. चौथ्यांदा पत्र आलं, तेव्हाही त्यांनी नकार दिला. कारण विचारलं, तर म्हणाले, ‘‘सवय झाली.’’ तीनदा कर्तव्य आणि चौथ्यांदा सवय, यात रेघ नेमकी कुठे मारायची, ते मला अजून कळलेलं नाही.

बढती नाकारणाऱ्यांचं आद्य दैवत म्हणजे भक्त पुंडलिक. साक्षात परमेश्वर दारात येऊन उभा राहिला. याहून मोठं प्रमोशन कुठल्याही खात्यात नाही. पण पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. त्याने एक वीट मागे सरकवली आणि ‘जरा थांबा’ म्हणून सांगितलं. देव अठ्ठावीस युगं थांबला. हेड ऑफिस पंधरा दिवस थांबतं. पुंडलिकाचं काम त्या मानाने सोपं होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

हे सगळं आठवायला कारण झाला माझा भाचा. आमची ताई आमच्या मागच्या गल्लीत राहते. भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा एकच. लहानपणी या मुलाला सुरमई आणि बांगडा यांतला फरक फक्त ताटात कळायचा. त्याने पुढे मत्स्यशास्त्रात पदवी घेतली आणि पदवीला साजेशी नोकरी मिळवली ती थेट अंदमानात. ‘‘इतकी वर्षं मासे आपल्याकडे येत होते,’’ ताई म्हणाली, ‘‘आता हा त्यांच्याकडे चालला.’’ ती हसली. पण हसताना पदराला चष्मा पुसत होती, आणि चष्मा स्वच्छच होता.

सोसायटीत या विषयावर मतदान तेवढं झालं नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगंबाई, अंदमान? तिथे पूर्वी जन्मठेपेला पाठवायचे!’’ दुसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं म्हणालं, ‘‘आम्ही तिथेच हनिमूनला गेलो होतो.’’ मग एकाच जागी काही माणसं शिक्षा म्हणून आणि काही मौज म्हणून कशी जातात, असा प्रश्न निघाला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा फार कमी बोलतात. ते म्हणाले, ‘‘फरक मुदतीचा.’’ आणि वर निघून गेले.

ताईने भाच्याचा शाळेतला नकाशा काढला. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर सुमारे १,२०० किलोमीटर, कोलकात्याहून साधारण तेवढंच. बोटीने तीनेक दिवस. बेटांच्या वरच्या टोकाला म्यानमार जवळ, खालच्या टोकाला सुमात्रा जवळ. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम केलं. नेमणुकीच्या कागदावर एक नाव आणि बातम्यांत दुसरं, त्यामुळे ताईला काही दिवस वाटत होतं की पोराची दोन ठिकाणी बदली झाली आहे. मी समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, ‘‘नाव बदलल्यावर जवळ आलं का?’’

आणखी एक गंमत अशी की तिथलं घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. मुंबई आणि ते शहर यांच्यात सुमारे वीस रेखांशांचं अंतर आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे ऐंशी मिनिटं आधी हजर होतो आणि ऐंशी मिनिटं आधी रजेवर जातो. डिसेंबरात पाचच्या सुमाराला तिथे मावळतं. भाचा गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, ‘‘आई, इथे काळोख पडला.’’ ताई दुपारचा चहा घेत होती. तिने कप खाली ठेवला आणि उठून देवाजवळ दिवा लावला. सव्वापाच वाजता, लख्ख उन्हात. मी काही बोललो नाही. आपल्या माणसाची संध्याकाळ झाली की आपली झाली, हे शास्त्र भूगोलात नसतं.

पण ‘लांब’ हा शब्द मुळात अपुरा आहे. कुणापासून लांब, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कुन्हा नावाचं एक इवलंसं बेट आहे. सगळ्यांत जवळचा शेजार म्हणजे सेंट हेलेना, तेसुद्धा २,४०० किलोमीटरहून लांब. १९६१ साली तिथे ज्वालामुखी फुटला आणि सगळ्या रहिवाशांना इंग्लंडला नेण्यात आलं. तिथे त्यांना घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचं मत घेतलं. परत जायच्या बाजूने १४८ मतं आणि विरुद्ध ५! १९६३ मध्ये बहुतेक मंडळी आपल्या त्या खडकावर परतसुद्धा गेली. जग त्यांच्या बेटाला दूरचं म्हणत होतं. त्यांच्या हिशेबी दूरचं बेट होतं इंग्लंड.

याच्या उलटही असतं. अंदमानातलं सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती, चाकाच्या आऱ्यांसारख्या. प्रत्येक इमारतीचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचं तोंड दिसायला नको. १९११ साली सावरकरांना तिथे नेलं, तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. सख्खे भाऊ एका आवारात, पण भेटीची चोरी. हाकेच्या अंतरावर असणं आणि हाक पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वास्तूच्या विटाविटांत बांधून ठेवलेलं आहे. हल्ली त्यासाठी तुरुंग लागत नाही. आमचे चिरंजीव शेजारच्या खोलीत असतात. कानात ती बोंडं घातली की ‘जेवायला चल’ ही हाक पोचायला वीस मिनिटं लागतात. अंदमानातला भाचा दुसऱ्या रिंगला फोन उचलतो.

आणि बेटावर नोकरीला जाणं आमच्या घरात नवीन आहे थोडंच? मुंबई ही मुळात सात बेटं. इंग्लंडच्या राजाला ती १६६१ च्या तहात पोर्तुगिजांकडून हुंड्यात मिळाली आणि त्याने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. जावयाला हुंड्याची किंमत नसते, ती अशी. पुढे मधला समुद्र बुजवून त्या सातांचं एक झालं. कोकणातून भाऊच्या धक्क्यावर उतरलेला प्रत्येक चाकरमानी हा दूरच्या बेटावर नोकरीला गेलेला माणूसच होता. त्यांतलेच एक आमचे आजोबा. गिरणीत साचा चालवत. शिमग्याला आणि गणपतीला घरी. बाकी वर्षभर घरी जायची ती मनीऑर्डर. तिच्या खालच्या तुकड्यावर चार ओळींची जागा असे. तेवढ्यात ख्यालीखुशाली, गाईची चौकशी आणि आशीर्वाद, सगळं मावायचं.

पणजोबा अंथरुणाला खिळून चार वर्षं होते. त्यांचं सगळं आजीने केलं. ते गेले तेव्हा तार गेली, आजोबा निघाले आणि तिसऱ्या दिवशी पोचले. खांदा गावाने दिला. मनीऑर्डरने तांदूळ येतो, औषध येतं, घरावर कौलंसुद्धा येतात. खांदा येत नाही. पण मनीऑर्डर आली नसती, तर त्या चार वर्षांत घरात औषधही आलं नसतं, हेही तितकंच खरं. आजोबांना पळपुटं म्हणायची माझी टाप नाही. त्यांच्या त्या बेटावरच्या नोकरीवरच माझे वडील शिकले आणि मी आज डेबिट-क्रेडिट लिहितो आहे.

डेबिट-क्रेडिटचा विषय निघालाच आहे, तर माझ्या विद्येतलं एवढं एकच तत्त्वज्ञान सांगून टाकतो. दुहेरी नोंद पद्धतीत कुठलीही रक्कम हवेतून येत नाही. एका खात्याला जमा झाली की दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला नावे पडलीच पाहिजे. जाणाऱ्याच्या खात्यात पगार, अनुभव, नवा मुलूख, हे सगळं जमा होतं आणि सगळ्यांना दिसतं. पण ते कुणाच्या नावे पडलं? आजोबांच्या खात्यात ‘मुंबईची नोकरी’ जमा झाली, त्याची दुसरी बाजू आजीच्या खात्यात चार वर्षांचं अंथरूण म्हणून लिहायला हवी होती. कुणी लिहिली नाही. लक्ष्मण वनवासाला गेला, ते सर्वांनी लिहिलं. ऊर्मिला मागे राहिली, तिला चौदा वर्षं कुणी काही विचारल्याचं फारसं ऐकिवात नाही.

तेव्हा माझ्या मते घोळ जाण्यात नाही. सगळेच पुंडलिक झाले असते, तर पंढरपुराबाहेर विटा उरल्या नसत्या आणि मुंबईत माणसं आली नसती. घोळ आहे न विचारता जाण्यात. विचारतात कुणाला? आईला. आद्य शंकराचार्यांची कथा सगळ्यांना माहीत आहे. नदीत मगरीने पाय धरला, ‘संन्यासाची परवानगी दे, म्हणजे ही पाय सोडेल’ असं त्यांनी आईला सांगितलं आणि परवानगी घेतली. हल्ली मगरीचं काम नेमणुकीचं पत्र करतं. ‘अमुक तारखेपर्यंत रुजू न झाल्यास’ हे वाक्य पाय सोडत नाही. मगर बघितल्यावर कुठली आई ‘नको’ म्हणेल? आईचा होकार हा होकार नसतोच, ती माया असते. पण त्याच कथेचा पुढचा भाग लोक विसरतात. ‘तुझ्या अंतकाळी येईन,’ असं शंकराचार्यांनी आईला वचन दिलं होतं आणि संन्याशाचे नियम बाजूला ठेवून ते आले.

आमच्या भाच्याने मगर वगैरे काही आणली नाही. जायच्या आधी एका रविवारी तो माझ्याकडे आला. मला वाटलं, बॅग न्यायला आला. बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘‘मामा, एक विचारू? आईला रात्री-अपरात्री काही झालं, तर तू जाशील का? म्हणजे तू जाशीलच. पण मी धरून चाललो असं व्हायला नको. जमणार नसेल तर आत्ताच सांग. मी दुसरं काहीतरी बघेन.’’

मी बँकेत जन्म काढला आहे. जामीनदार कसे मिळवतात ते मी रोज बघतो. ‘सही फक्त फॉर्मॅलिटी आहे हो’ असं सांगून शेजाऱ्याला टेबलाशी आणतात, आणि हप्ता थकला की त्या बिचाऱ्याला प्रथम कळतं की आपण काय लिहून दिलं होतं. कर्जाचा सगळा कागद समोर ठेवून, ‘आधी वाच आणि मग सही कर’ म्हणणारा ऋणको मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. मी म्हटलं, ‘‘जाईन.’’ त्याने खिशातून एक कागद काढला. ताईची औषधं, डॉक्टरांचा नंबर, शेजारी ठेवलेली किल्ली, सगळं टाइप केलेलं. माझी सौ. आतून ऐकत होती. त्या दिवशी चहाबरोबर लाडूही आले.

जामीन वसुलीला आला गेल्या पावसाळ्यात. रात्री दोनला फोन वाजला. भाचा. ‘‘मामा, आईला दरदरून घाम सुटलाय, चक्कर येतेय. जा.’’ मी पायजम्यावर छत्री घेऊन निघालो. ताईचं दार आमच्यापासून चार मिनिटांवर. साखर एकदम उतरली होती. साखरपाणी दिलं, डॉक्टरांना उठवलं, पाचच्या सुमाराला ती माणसांत आली. आम्ही भाच्याला तसं कळवलं. इथे अजून काळोख होता, तिथे तांबडं फुटलं होतं. सूर्य त्या दिवशीही आधी त्याच्याकडेच गेला.

२०२० च्या ऑगस्टात चेन्नई ते अंदमान समुद्राच्या तळातून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली, तेव्हा मी पेपरातली ती बातमी वाचून पान उलटलं होतं. तिचा उपयोग मला त्या रात्री समजला. पुढच्या गल्लीत पोचायची हाक मागच्या गल्लीतून निघून अख्खा बंगालचा उपसागर ओलांडून गेली आणि तशीच परत आली. मी ताईला म्हटलं, ‘‘अगं, मी इथे चार मिनिटांवर आणि तू फोन अंदमानात करतेस?’’

‘‘तुला सकाळी बँक असते,’’ ती म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, ‘‘आणि तोंडात त्याचंच नाव आलं रे.’’

मला थोडं लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी येऊन मी सौ.ला सांगितलं, हाक त्याला आणि धावपळ मला. ती म्हणाली, ‘‘हाक काय अंतर मोजून मारतात?’’ आणि कूस बदलून झोपली. मी जागाच होतो. हिशेब घालून बघितला. हाक ज्याला जाते तो एक, धावतो तो दुसरा. आजीच्या वेळी धावणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं. तेवढ्या एका गोष्टीने त्या रात्रीची चार मिनिटं मला जड झाली नाहीत. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मीही जन्मभर चार मिनिटांवर राहणार नाही. माझे गुडघे ताईपेक्षा दहाच वर्षांनी लहान आहेत. जामीनदार दिला म्हणजे कर्ज फिटत नाही, ते फक्त सांभाळलं जातं.

आणि कर्ज आहे, हे आपली भाषा विसरू देत नाही. दारातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पायांत चपला, हातात बॅग, खाली रिक्षा थांबलेली, चाललाय अंदमानाला, आणि तोंडाने म्हणतोय, ‘‘आई, येतो.’’ इतर कुठल्या व्यवहारात ही शुद्ध फसवणूक ठरली असती. माझ्या मते ती प्रॉमिसरी नोट आहे. बँकेच्या भाषेत डिमांड नोट. तिच्यावर तारीख नसते, मागणी होताच पैसे द्यायचे असतात. फक्त कायद्याने तिला तीन वर्षांची मुदत आहे. त्याच्या आत ऋणकोने येऊन ‘कर्ज मान्य आहे’ अशी सही केली नाही, तर नोट कालबाह्य होते.

भाच्याला मी एवढंच कळवलं आहे की, तिथे पाहिजे तेवढी वर्षं राहा, मासे मोज, मोठा हो. पण मुदतीच्या आत नोट नवी करायला ये. त्याचं उत्तर आलं, ‘‘गणपतीला येतो.’’ ताईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, ‘‘यातला ‘येतो’ कुठला रे? जाण्यातला की येण्यातला?’’